थंड पाण्याला सरावलेले शरीर: पाणबुड्यांमध्ये नेमके काय बदलते?

उदधि (धागालेखक)

थंड पाण्यात वर्षानुवर्षे उतरणाऱ्या पाणबुड्यांविषयी ‘त्यांना आता थंडी बाधत नाही’ असे सहज म्हटले जाते. सांगणाऱ्याचा अनुभव म्हणून ते खोटे नसते. मात्र त्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. थंडीची जाणीव बोथट होणे ही एक गोष्ट, आणि शरीरातील उष्णता पाण्यात कमी वेगाने जाणे ही दुसरी. या विषयावरील संशोधन वाचून माझे मत असे झाले आहे की, वारंवार थंड पाण्यात गेल्याने पहिली गोष्ट लवकर आणि बहुतेक सर्वांमध्ये घडते; दुसरी मात्र सावकाश, काही जणांमध्येच आणि मर्यादित प्रमाणात घडते. सरावलेल्या पाणबुड्याला असलेला धोका या दोहोंमधील तफावतीत आहे. हे मत तपासून पाहावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी पाण्याविषयी थोडेसे. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट असते. त्यामुळे उघड्या अंगाने पाण्यात स्वस्थ बसलेल्या माणसाला आपले तापमान विनासायास टिकवायचे असेल, तर ते पाणी जवळपास ३३ ते ३५ अंश सेल्सिअस असावे लागते. याचा अर्थ असा की, २८ अंशांचे सुखद वाटणारे पाणीसुद्धा पुरेसा वेळ मिळाल्यास शरीर थंड करते. तिथे केवळ वेग कमी असतो.

१५ अंशांहून थंड पाण्यात अंग अचानक बुडाले की पहिल्या काही क्षणांत जे घडते त्याला शीतधक्का म्हणता येईल. त्वचा झपाट्याने थंड झाल्यामुळे माणूस नकळत एक मोठा श्वास आत ओढतो, त्यानंतर श्वास अनावरपणे जलद होतो, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. ही प्रतिक्रिया साधारण अर्ध्या मिनिटात टोकाला पोहोचते आणि दोन-तीन मिनिटांत ओसरू लागते. या काळात शरीराच्या गाभ्याचे, म्हणजे हृदय-मेंदूसारख्या आतल्या अवयवांचे, तापमान जवळजवळ बदललेलेही नसते. थंड पाण्यात पडून पहिल्या काही मिनिटांत होणाऱ्या मृत्यूंचे कारण म्हणूनच गारठा हे नसून श्वासावरील सुटलेला ताबा आणि हृदयावरील ताण हे असते. १९८४ साली जॉन हेवर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की १५ अंशांपेक्षा थंड पाण्यात माणसाला श्वास रोखता येण्याचा काळ पाण्याबाहेरील काळाच्या २५ ते ५० टक्क्यांवर येतो.

या प्रतिक्रियेला शरीर फार लवकर सरावते. इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत प्रत्येकी तीन मिनिटांच्या पाच-सहा बुड्यांनंतर शीतधक्का जवळपास निम्म्यावर आलेला दिसला. त्यांच्या १९९८ च्या एका प्रयोगाची रचना मला विशेष आवडते. सरावाच्या बुड्यांमध्ये शरीराची एकच बाजू थंड पाण्याच्या संपर्कात येऊ दिली आणि नंतर चाचणी दुसऱ्या, न सरावलेल्या बाजूची घेतली. तरीही प्रतिक्रिया सौम्य झालेली आढळली. त्वचेतील शीतसंवेदी चेतातंतूंमध्येच बदल झाला असता तर असे घडले नसते; याचा अर्थ बदल मेंदूच्या पातळीवर होतो. त्वचा पूर्वीसारखाच संदेश पाठवते, त्याची दखल कमी घेतली जाते.

हेच पुढे हुडहुडीच्या बाबतीतही दिसते. थंडीला सरावलेल्या माणसाचे अंग उशिरा, म्हणजे गाभ्याचे तापमान अधिक खाली गेल्यावर कापू लागते. हुडहुडी हा त्रासदायक प्रकार असला तरी तीच शरीराची उष्णता निर्माण करणारी मुख्य यंत्रणा आहे. ती उशिरा सुरू होणे याला सोशिकता म्हणावे की तोटा, हा प्रश्न मला खरोखर पडलेला आहे.

खारवारा

मांडणी चांगली आहे. परंतु जेजू बेटावरील हेन्यो स्त्रियांचा उल्लेख न करता ‘दुसरी गोष्ट मर्यादित प्रमाणात घडते’ असे म्हणणे घाईचे होईल. थंड पाण्याशी माणसाच्या जुळवून घेण्याचा आजवर अभ्यासला गेलेला बहुधा सर्वांत भक्कम दाखला त्यांचाच आहे.

दक्षिण कोरियातील या स्त्रिया श्वास रोखून समुद्रतळाशी जातात आणि शंख-शिंपले, समुद्री शेवाळ गोळा करतात. १९७० च्या दशकापर्यंत त्या पातळ सुती कपड्यांत काम करत असत, आणि तेही वर्षभर. हिवाळ्यात तिथले पाणी १० अंशांच्या आसपास असते. सुक्की हाँग, हर्मन रान आणि इतर शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. उन्हाळ्यात त्या दिवसातून अनेकदा बराच वेळ पाण्यात असत, तर हिवाळ्यात एकेक खेप फार थोड्या वेळात आटोपती घ्यावी लागे, कारण तेवढ्यातच गाभ्याचे तापमान ३५ अंशांपर्यंत किंवा त्याखाली येत असे. वैद्यकशास्त्र ३५ अंशांखालील तापमानाला अवताप मानते, म्हणजे या स्त्रिया तो उंबरठा रोजच्या कामाचा भाग म्हणून गाठत होत्या.

त्यांच्यात तीन बदल आढळले. पहिला असा की हिवाळ्यात त्यांचा विश्रांतीतील चयापचय दर याच भागातील पाण्यात न उतरणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे ३० टक्के वाढत असे. दुसरा बदल असा की अंग कापू लागण्यासाठी त्यांना अधिक थंड पाणी लागत असे. हे मोजण्यासाठी संशोधकांनी तीन तास बसूनही हुडहुडी भरत नाही असे पाण्याचे नीचतम तापमान हा निकष वापरला होता. तिसरा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्वचेखालील चरबीची जाडी सारखीच असताना या स्त्रियांच्या शरीराचा उष्णतारोध इतरांपेक्षा जास्त होता. म्हणजे फरक चरबीचा नव्हता, तर रक्तवाहिन्या किती घट्ट आवळल्या जातात आणि हातापायांतून परतणारे थंड रक्त जाणाऱ्या उष्ण रक्ताच्या शेजारून वाहताना किती उष्णता परत मिळवते, अशा बाबींचा असावा. उदधि, हा तर उष्णता प्रत्यक्ष वाचवण्याचाच प्रकार झाला. तो केवळ जाणिवेचा बदल नव्हे.

उदधि

आपला आक्षेप रास्त आहे आणि हेन्यो स्त्रियांचा दाखला मी मान्य करतो. तथापि या कथेचा उत्तरार्धही इथे यायला हवा.

१९७० च्या दशकाच्या मध्यास या स्त्रियांनी निओप्रीन या फेसाळ रबराचे, अंगाला घट्ट बसणारे वेटसूट वापरायला सुरुवात केली. त्यामुळे पाण्यात राहण्याचा काळ वाढला, आणि गाभ्याचे तापमान पूर्वीइतके घसरेनासे झाले. कोरियन संशोधक या काळातही मापन करत राहिले, त्यामुळे सराव कसा ओसरतो याची दुर्मीळ नोंद झाली. १९८३ साली ती प्रसिद्ध झाली. हिवाळ्यातील वाढीव चयापचय आधी नाहीसा झाला, मग उष्णतारोधातील वाढ आणि कापण्याचा बदललेला उंबरठा हेही गेले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हेन्यो आणि इतर स्त्रिया यांच्यात या बाबतीत सांगण्यासारखा फरक उरला नव्हता.

माझ्या मते आजच्या पाणबुड्यांसाठी यातूनच सर्वाधिक शिकण्यासारखे आहे. चयापचय आणि उष्णतारोध यांत बदल घडण्यासाठी गाभा वारंवार थंड व्हावा लागतो, तोही दीर्घ काळ. चांगला वेटसूट किंवा ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा पोशाख) घालणाऱ्याचा गाभा सहसा तितका थंड होत नाही. चेहरा, हात, मान यांना मात्र दर वेळी थंड पाण्याचा स्पर्श होतो. मग त्याच्या वाट्याला सरावाचा कोणता भाग येणार? जाणिवेचाच.

प्रश्नचिन्ह

मी या विषयात नवखा आहे. ‘सराव’ या एकाच नावाखाली आपण अनेक गोष्टी मांडत आहात. शास्त्रज्ञ त्यांची विभागणी कशी करतात, हे कोणी स्पष्ट करील काय?

तळशोध

थोडक्यात सांगतो. पहिला प्रकार सवयीचा. यात हुडहुडी, रक्तवाहिन्या आवळणे, शीतधक्का अशा सगळ्याच प्रतिक्रिया सौम्य होतात. दुसरा चयापचयाचा, यात शरीर अधिक उष्णता निर्माण करते. तिसरा उष्णतारोधाचा, यात त्वचा आणि हातपाय अधिक थंड होऊ देऊन गाभ्याची ऊब राखली जाते. काही लोकसमूहांत गाभ्याचे तापमानच मुकाट्याने घसरू दिले जाते, त्याला चौथा प्रकार मानतात. टिएरा देल फुएगोतील अलाकालुफ लोकांमध्ये दुसरा प्रकार नोंदवला गेला, तर मध्य ऑस्ट्रेलियात थंड रात्री उघड्यावर झोपणाऱ्या आदिवासींमध्ये तिसरा आणि चौथा मिसळलेला दिसला.

कोणता प्रकार घडेल, हे थंडीची तीव्रता आणि कालावधी यांवर अवलंबून असते. १९८६ साली अमेरिकन लष्करी संशोधक अँड्र्यू यंग आणि सहकाऱ्यांनी काही पुरुषांना १८ अंशांच्या पाण्यात रोज ९० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, असे आठ आठवडे बसवले. एवढ्या खटाटोपानंतर त्यांच्यात उष्णतारोधाच्या प्रकारचा बदल दिसला, म्हणजे थंड हवेत त्यांची त्वचा पूर्वीपेक्षा अधिक थंड होऊ लागली. छंद म्हणून सुट्टीच्या दिवशी पाण्यात उतरणाऱ्याच्या वाट्याला इतकी थंडी कधी येते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

स्कूबा, म्हणजे हवेची टाकी सोबत घेऊन बुडी मारणाऱ्या, पाणबुड्यांवरचा जुना अभ्यास नॉर्वेचा आहे. १९६८ साली स्क्रेस्लेट आणि आरेफ्योर्ड यांनी अतिथंड समुद्रात जवळजवळ रोज बुड्या मारणाऱ्या मोजक्या पाणबुड्यांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. सुरुवातीला त्यांचे शरीर उष्णतानिर्मिती वाढवून प्रतिसाद देत होते. मधल्या टप्प्यात ही वाढ ओसरली आणि तापमान अधिक घसरू लागले. शेवटी उष्णतारोध सुधारल्याची चिन्हे दिसली. सहभागी माणसे फारच थोडी होती, म्हणून त्यावर मोठी इमारत उभारू नये. पण तो मधला टप्पा लक्षात ठेवण्याजोगा आहे. उष्णता वाचवण्याची व्यवस्था अजून लागलेली नाही आणि तक्रार करणे मात्र शरीराने थांबवलेले आहे, अशी ती अवस्था आहे. घराच्या दारावरची घंटा काढून ठेवली, पण कुलूप बसवायचे राहून गेले, तसे.

शिंपला

मी श्वास रोखून बुडी मारणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा त्या बाजूने थोडे लिहिते. आमच्या बाबतीत दोन परस्परविरोधी प्रतिक्षिप्त क्रिया एकाच वेळी काम करत असतात. अंगाच्या त्वचेवर थंड पाणी आले की हृदय जलद होते; चेहऱ्यावर, विशेषतः कपाळ आणि नाकाच्या भागावर थंड पाणी आले आणि श्वास रोखलेला असला की ते मंद होते. या दुसऱ्या क्रियेत हातापायांच्या रक्तवाहिन्याही आवळतात, प्लीहा आकसून तांबड्या पेशींचा साठा रक्तात सोडते आणि प्राणवायूची बचत होते. मायकेल शॅटॉक आणि माइक टिप्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले की या दोन आज्ञा हृदयावर एकदम येऊन आदळणे हे थंड पाण्यातील अचानक मृत्यूंमागचे एक कारण असू शकते. निरोगी तरुणांमध्येसुद्धा अशा वेळी ठोक्यांत अनियमितता दिसते, आणि ती बहुधा श्वास सोडण्याच्या सुमारास दिसते.

सरावाने या दोन्ही क्रिया एकाच दिशेने बदलत नाहीत, ही मला यातील सर्वांत रंजक बाब वाटते. शीतधक्का सरावाने दबतो, तर बुडीची प्रतिक्षिप्त क्रिया अनुभवी लोकांमध्ये टिकून राहते आणि अनेकदा अधिक ठळक होते. म्हणून थंड पाण्याला सरावलेल्या, श्वास रोखणाऱ्या पाणबुड्याच्या हृदयावरील ओढाताण कमी होते, असे तर्काने म्हणता येते. धागालेखकांनी सरावाची जोखीम मांडली आहे ती मला पटते. पण पाण्यात पहिले पाऊल टाकतानाच्या मिनिटापुरता तरी सराव हा निखळ लाभ आहे, हेही नोंदले जावे.

उदधि

निश्चितच. किंबहुना बुडीच्या पहिल्या तीन मिनिटांसाठी सराव ही सर्वांत स्वस्त सुरक्षा आहे, असे मी म्हणेन. रेग्युलेटर (टाकीतील हवा श्वासासाठी पुरवणारे उपकरण) वापरणाऱ्यांनाही तो लाभ मिळतो: श्वास धापेवर गेला नाही तर टाकीतील हवा वाया जात नाही, आणि अतिथंड पाण्यात जोरजोरात श्वास ओढल्याने रेग्युलेटर गोठून त्यातून हवा सतत वाहू लागण्याची शक्यताही घटते. माझा आक्षेप पहिल्या मिनिटातील यशावरून चाळिसाव्या मिनिटाविषयी निष्कर्ष काढण्याला आहे.

मंदगती

नेमक्या त्याच चाळिसाव्या मिनिटाविषयी. पाणबुड्यांच्या वैद्यकात सावकाश, नकळत येणाऱ्या अवतापाची चर्चा फार जुनी आहे. तापमान झपाट्याने घसरले तर त्वचा आणि गाभा दोन्ही आरडाओरडा करतात. परंतु वेटसूटमध्ये, मध्यम थंड पाण्यात, दिवसाला अनेक बुड्या आणि सलग काही दिवस अशा क्रमाने उष्णता थोडी थोडी गेली, तर त्वचेचे तापमान फारसे टोचण्याइतके खाली येत नाही आणि हुडहुडी भरल्याशिवाय गाभा थंड होऊ शकतो. अशा वेळी जे दिसते ते थकवा, चिडचिड, निर्णयातील मंदपणा, मापकावरील आकडा दोनदा वाचावा लागणे, या स्वरूपात. पाणबुडा त्याचे खापर अपुऱ्या झोपेवर फोडतो. खोलीवर निओप्रीन दाबले जाऊन त्याच्या जाडीचा बराचसा भाग नाहीसा होतो, त्यामुळे जिथे पाणी सर्वांत थंड तिथेच सूट सर्वांत निकामी, अशी गंमत आहे.

यात दाबमुक्तीचा, म्हणजे खोलीवरील दाबामुळे शरीरात साठलेला नायट्रोजन वर येताना सावकाश बाहेर टाकण्याचा, प्रश्न मिसळला की प्रकरण गंभीर होते. अमेरिकन नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग विभागाने २००७ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला होता. सुमारे ३७ मीटर खोलीच्या बुड्यांमध्ये पाणबुड्यांना तळाशी आणि वर येताना वेगवेगळ्या तापमानांत, म्हणजे ३६ आणि २७ अंशांच्या पाण्यात, ठेवून पाहिले. तळाशी उबदार आणि वर येताना थंड अशा क्रमात दाबमुक्तीचा आजार (साठलेल्या वायूचे शरीरात बुडबुडे होऊन होणारा) ठळकपणे जास्त झाला. उलट तळाशी थंड आणि वर येताना उबदार असलेल्यांना तळाशी कितीतरी जास्त वेळ घालवूनही तो कमी झाला. कारण समजण्यासारखे आहे. तळाशी ऊब असली की त्वचा आणि स्नायूंकडे रक्त भरपूर जाते व तिथे नायट्रोजन अधिक साठतो. वर येताना गारठा आला की त्याच वाहिन्या आवळतात आणि साठलेला नायट्रोजन बाहेर पडायला वाट उरत नाही. २७ अंश म्हणजे काही बर्फाचे पाणी नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

आता उष्णतारोधाच्या प्रकारचा सराव आठवा. त्यात हातापायांच्या वाहिन्या अधिक घट्ट आवळणे हेच तर घडते. गाभा राखण्यासाठी हे उत्तम. दाबमुक्तीच्या थांब्यावर लटकलेल्या पाणबुड्यासाठी ते कितपत हितावह, याबद्दल मला शंका आहे. श्वास रोखून दहा मीटरांवर जाऊन लगेच परतणाऱ्या हेन्यो स्त्रियांना हा प्रश्न स्कूबा पाणबुड्यांइतका सतावत नसावा.

तळशोध

याला जोडून सॅच्युरेशन पाणबुड्यांचे उदाहरण पाहावे. ते दिवसेंदिवस दाबाखाली, हेलियममिश्रित वातावरणात राहतात. हेलियमची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे सहा पट असल्याने त्यांच्या कक्षातच ३० अंशांच्या आसपास तापमान ठेवावे लागते, तेव्हा कुठे त्यांना बरे वाटते. पाण्यात काम करताना त्यांच्या सूटमधून नळीद्वारे गरम पाणी सतत फिरवले जाते, आणि फार खोल कामात श्वासाचा वायूसुद्धा गरम करून द्यावा लागतो, कारण दाट वायू प्रत्येक उच्छ्वासाबरोबर फुप्फुसांतून मोठी उष्णता घेऊन जातो. या व्यवसायाने शरीराच्या सरावावर काडीचाही भरवसा ठेवलेला नाही. मला तो शहाणपणा वाटतो.

प्रश्नचिन्ह

तपकिरी चरबीविषयी हल्ली पुष्कळ ऐकू येते. थंड पाण्यात गेल्याने ती वाढते आणि शरीर आतून तापते, असा दावा केला जातो. पाणबुड्यांच्या बाबतीत त्याला कितपत अर्थ आहे? आणि हातांचे काय? माझे हात इतर अंगाच्या फार आधी निकामी होतात.

नाडीपरीक्षा

प्रौढांमध्ये कार्यरत तपकिरी चरबी असते हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनंतर सर्वमान्य झाले. ती हुडहुडीशिवाय उष्णता निर्माण करते आणि थंडीत तिचे काम वाढते, यात वाद नाही. २०२१ मध्ये डेन्मार्कमध्ये हिवाळ्यात नियमित पोहणाऱ्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. थंडी दिल्यावर त्यांची उष्णतानिर्मिती इतरांपेक्षा अधिक वाढली. मात्र हे लोक पोहण्याबरोबर सौनाही घेत होते, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचे हे सांगणे अवघड आहे. पाणबुड्यांपुरते बोलायचे तर प्रौढांमधील ही चरबी थोडी असते आणि पाण्यात उष्णता ज्या वेगाने जाते त्यापुढे तिचे उत्पन्न फारच तोकडे ठरते. स्नायूंची हालचाल आणि हुडहुडी यांच्या तुलनेत तिला दुय्यम स्थानच द्यावे लागेल.

साठवणीची पांढरी चरबी ही गोष्ट वेगळी. १९८४ च्या मार्च महिन्यात आइसलँडजवळ एक मासेमारी नौका बुडाली. तिच्यावरील ग्वुदलॉयगुर फ्रिद्थोरसन हा तरुण ५-६ अंशांच्या समुद्रात पाच-सहा तास पोहून किनाऱ्याला लागला. त्याचे सोबती वाचले नाहीत. नंतर ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ विल्यम कीटिंग आणि सहकाऱ्यांनी त्याची तपासणी केली, तेव्हा त्याच्या बचावाचे श्रेय मुख्यतः त्वचेखालील जाड चरबीला देण्यात आले. देहयष्टीतील फरक सरावातील फरकावर सहज मात करतो, हे त्यावरून दिसते. एकाच बोटीवरून, सारखाच सूट घालून उतरलेले दोघे पाणबुडे म्हणूनच सारख्या वेगाने थंड होत नाहीत, आणि सडपातळ सोबत्याने धडधाकट सोबत्याच्या वेळेची बरोबरी करू नये.

हातांविषयी: थंडीत बोटांच्या वाहिन्या आवळल्यावर काही मिनिटांनी त्या मधूनमधून उघडतात आणि बोटे पुन्हा थोडी उबदार होतात. थॉमस लुइस यांनी १९३० मध्ये याचे वर्णन केले होते. थंड पाण्यात हातांनी काम करणाऱ्या कोळ्यांमध्ये ही क्रिया चांगली असल्याची निरीक्षणे आहेत. पण सामान्य माणसांना काही आठवडे रोज हात थंड पाण्यात बुडवायला लावून ती वाढवता येते का, हे पाहणाऱ्या प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत; काहींत बोटे उलट अधिक थंड राहू लागली. जवळजवळ सर्वत्र आढळलेली एक गोष्ट म्हणजे वेदना कमी होणे. म्हणजे इथेही धागालेखकांचेच म्हणणे पुढे येते. थंड झालेल्या स्नायूची ताकद आणि चेतातंतूचा वेग ही भौतिक मर्यादा आहे. दुखणे थांबले म्हणून बकल उघडण्याची क्षमता परत येत नाही. वारंवार बधिर होणाऱ्या हातापायांना न गोठताही कायमची इजा होऊ शकते, आणि अशी इजा झालेले अवयव पुढे थंडीला अधिकच हळवे होतात. म्हणून हातमोजे बदला, हात बदलण्याची वाट पाहू नका.

खारवारा

एक बदल मात्र असा आहे की त्याला जाणिवेचा म्हणताच येणार नाही, तो हाडाचा आहे. थंड पाण्यात वर्षानुवर्षे डोके बुडवणाऱ्यांच्या बाह्य कर्णनलिकेत हाडाच्या गाठी वाढतात आणि नलिका अरुंद होत जाते. लाटांवर स्वार होणाऱ्यांमध्ये आणि पाणबुड्यांमध्ये हे सर्रास आढळते. एरिक ट्रिंकाउस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये निअँडरथल कवट्या तपासल्या तेव्हा सुमारे निम्म्यांमध्ये अशा गाठी दिसल्या. तेही पाण्यातून अन्न मिळवत असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. याला अनुकूलन म्हणायचे की झीज, हे ज्याच्या कानात पाणी अडकते त्याने ठरवावे! टोपी आणि पाणबुड्यांसाठीचे सच्छिद्र कर्णबूच वापरल्यास हा त्रास कमी होतो. साधे बंद बूच मात्र बुडी मारताना वापरू नयेत, कारण दाब समान न झाल्यास कानाचा पडदा दुखावतो.

शिंपला

अनुकूलनाचा विषय निघालाच आहे तर आनुवंशिकतेचाही उल्लेख व्हावा. आग्नेय आशियातील बाजाऊ लोकांची प्लीहा शेजारच्या सालुआन लोकांपेक्षा सुमारे ५० टक्के मोठी असल्याचे मेलिसा इलार्डो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले, आणि बुड्या न मारणाऱ्या बाजाऊंमध्येही ती मोठी असल्याने कारण आनुवंशिक ठरले. पण ते उबदार पाण्यातील लोक. त्याच संशोधिकेच्या गटाने २०२५ मध्ये जेजूच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बुडीच्या वेळी हृदय अधिक मंदावणे हे प्रशिक्षणाचे फळ असल्याचे दिसले, कारण ते हेन्यो स्त्रियांमध्ये होते आणि त्याच बेटावरील इतर स्त्रियांमध्ये तितके नव्हते. रक्तदाबाशी आणि थंडीच्या वेदना सोसण्याशी निगडित असे जनुकीय फरक मात्र बेटावरील दोन्ही गटांत मिळाले. वेटसूटमुळे १९८० च्या दशकात जे नाहीसे झाले ते सरावाचे होते. पिढ्यानपिढ्या जे निवडले गेले असेल ते सूटने कसे पुसले जाईल?

मंदगती

म्हणजे पुन्हा वेदना सोसण्याशी निगडित! जनुकांनीही उदधींचीच बाजू घेतलेली दिसते.

प्रश्नचिन्ह

माझा शेवटचा प्रश्न व्यवहाराचा आहे. वर्षातून काही महिनेच पाण्यात जाणाऱ्याने सराव कसा करावा, मध्ये खंड पडल्यास तो किती टिकतो, आणि बुडी कधी थांबवावी हे जाणिवेवर विसंबता येत नसेल तर कशावरून ठरवावे?

उदधि

हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा थंडीत बोटे पांढरी पडण्याचा त्रास असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा, आणि एकट्याने हा सराव करू नये. बाकी माणसांना थोड्या थोड्या मिनिटांच्या, मान पाण्याबाहेर ठेवून केलेल्या काही बुड्या पुरतात. पाणी फार थंड असण्याची किंवा फार वेळ बसण्याची गरज नसते, कारण सराव शीतधक्क्याचा करायचा आहे आणि तो पहिल्या तीन मिनिटांतच होऊन जातो. पाण्यात उतरल्यावर श्वास पूर्ण ताब्यात येईपर्यंत डोके खाली घेऊ नये. मनाची अवस्थाही मोजली जाते; पोर्ट्समथच्याच प्रयोगांत असे दिसले आहे की माणूस धास्तावलेला असला की सरावानंतरही शीतधक्का पुन्हा डोके वर काढतो. त्यामुळे अनोळखी जागी, नव्या उपकरणांसह उतरताना जुन्या सरावाचा हिशेब धरू नये.

खंडाविषयी सांगायचे तर टिप्टन आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शीतधक्क्याच्या सरावाचा काही अंश सात महिन्यांनंतर, आणि थोडासा चौदा महिन्यांनंतरही टिकलेला आढळला. थोडक्या मेहनतीचे हे फळ बरेच टिकाऊ म्हणावे लागेल. चयापचयाचा आणि उष्णतारोधाचा सराव आपल्यापैकी बहुतेकांनी मुळात कमावलेलाच नसतो, त्यामुळे तो टिकण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

थांबण्याचा निर्णय पाण्यात शिरण्यापूर्वी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे: पाण्याचे तापमान, सूट, दिवसातील कितवी बुडी आणि जोडीतील अधिक सडपातळ व्यक्ती यांवरून वेळ ठरवावी आणि ‘अजून बरे वाटते आहे’ या कारणाने ती वाढवू नये. पाण्याखाली स्वतःच्या जाणिवेपेक्षा बोटांची परीक्षा अधिक विश्वासार्ह असते. अंगठा करंगळीला टेकवता येत नसेल तर बुडी तिथेच संपवावी. हुडहुडी आली नाही, हा पुढे जाण्याचा परवाना मानू नये. बाहेर आल्यावरही गाभ्याचे तापमान काही काळ घसरतच राहते, म्हणून बोटीवर चढताना ठीक वाटणाऱ्या माणसाला लगेच पुढच्या बुडीसाठी टाकी बदलायला लावू नये. त्याला आधी कोरडे करावे, वाऱ्यापासून आडोसा द्यावा, उबदार कपडे घालावेत आणि काही तरी खायला द्यावे. थंडी आणि पाण्याचा दाब दोन्ही मिळून लघवीचे प्रमाण वाढवतात, त्यामुळे पाणीही पाजावे. पुढच्या बुडीची वेळ त्यानंतर, आणि आधीच्या बुडीपेक्षा कमी, अशी नव्याने ठरवावी.